धूर आणि दफ्तर

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकावरून कानपूरच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच वेळात दुकानांनी, दुरुस्तीखान्यांनी आणि बसगाड्यांच्या वर्दळीने गजबजलेला जो भाग लागतो, तो आलमबाग. नवाब वाजिद अली शाहाने आपल्या आलमआरा बेगमेसाठी येथे बाग आणि कोठी उभारली, १८५७ च्या धामधुमीत इंग्रजी फौजेने त्याच कोठीचे ठाणे केले, आणि दिलकुशा येथे आजाराने मरण पावलेला जनरल हॅवलॉक याच परिसरात पुरला गेला. पुढे रेल्वेने येथे डबे दुरुस्त करण्याचा कारखाना घातला, फाळणीनंतर पंजाबातून निर्वासित होऊन आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, आणि २०१७ साली लखनौची पहिली मेट्रो याच वस्तीवरून धावू लागली. त्या मेट्रोने आलमबागेहून विमानतळाच्या दिशेने निघाले, तर तिसरे स्थानक ट्रान्सपोर्ट नगरचे; आणि ज्या दफ्तराशी आपल्याला या प्रकरणात कर्तव्य आहे ते परिवहन कार्यालय तेथेच आहे. मराठी माणसाला लखनौ परके नाही. पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली येथे संगीताचे महाविद्यालय निघाले आणि त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते दीर्घकाळ चालवले. परंतु आजचा मराठी माणूस येथे तंबोरा घेऊन येत नाही. तो सैन्यातला, रेल्वेतला, बँकेतला किंवा एखाद्या कंपनीतला बदलीचा हुकूम खिशात घालून येतो, आणि त्याच्या मागोमाग, मालवाहू ट्रकावर चढवलेली अथवा स्वतःच्या चाकांवर आलेली, त्याची गाडी येते.

ती गाडी साधी मोटार असेल तर तिची हकीकत चार ओळींत आटोपते. परंतु ती नाशिकच्या नोंदणीची, म्हणजे बोलभाषेत ‘एमएच-१५ पासिंगची’, जीप किंवा थार असेल, आणि सह्याद्रीच्या घाटवाटा आणि पावसाळ्यातले चिखलाचे ओढे ओलांडण्यासाठी मालकाने तिची चाके थोरली, कणा उंच आणि श्वासनळी टपापर्यंत चढवलेली असेल, तर मात्र स्थलांतराचा मामला विचार करण्याजोगा होतो. अशा मालकाला बहुधा धास्ती असते ती धुराच्या तपासणीची. परमुलखातले लोक, परका निरीक्षक, आपली फेरफार केलेली गाडी. पीयूसीच्या टपरीवरच ती अडकणार, असे तो मनाशी धरून चालतो. वस्तुतः धुराचे नियम मुंबईत एक आणि लखनौत दुसरे असे नाहीत. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम दोन्हीकडे तेच, तपासणीची रीत तीच, आणि नाशकात काढलेला पीयूसीचा दाखला मुदत संपेपर्यंत आलमबागेतही तितकाच ग्राह्य. ज्याची धास्ती धरावी ते दुसरेच आहे. धुराच्या यंत्रापुढून ही गाडी दहा मिनिटांत सुटते. दफ्तरापुढे, म्हणजे कागदावर लिहिलेली गाडी आणि अंगणात उभी असलेली गाडी एकच आहे काय या प्रश्नापुढे, ती महिनोन्‌महिने उभी राहू शकते.

या जातीच्या गाडीचा आपल्याकडचा वंश जुना आहे. १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीतील भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि इकडे ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे नामांतर झालेल्या कंपनीने माझगावात अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग जुळवून गाड्या बांधण्यास आरंभ केला. त्या जीपचे हाडपेर इतके उघडे आणि सरळ होते, की गावोगावच्या मिस्त्र्यांनी त्यावर वाटेल ते चढवावे आणि त्यातून वाटेल ते उतरवावे: पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवावे, मागचा हौदा लांबवावा, कापडी टप काढून पत्र्याचे करावे. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी, २०१० साली आलेली महिंद्रची थार, आणि २०२० पासून नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी तिची नवी आवृत्ती, या सर्वांनी तो वारसा पुढे चालवला. गाडी विकत घेणे म्हणजे एका कामाचा शेवट असे इतर मोटारींच्या बाबतीत समजले जाते. जीपवाल्याच्या लेखी तो कामाचा आरंभ असतो. ही वृत्ती मला मुळीच निंद्य वाटत नाही. यंत्राशी इतकी जवळीक करणारा मालक स्वतःच्या गाडीच्या प्रकृतीविषयी दहा साध्या मालकांइतके जाणतो. फक्त आपण केलेल्या प्रत्येक बदलाची कायद्याच्या लेखी काय किंमत आहे, हे त्याला क्वचितच ठाऊक असते.

प्रथम धुराचाच विचार करू, कारण भीती तेथे आहे आणि तेथील गंमतही पाहण्याजोगी आहे.

पेट्रोलच्या गाडीची परीक्षा सौम्य. इंजिन तापलेले असावे, गाडी उभी असावी, आणि धुराड्याच्या नळीत सळईसारखा शोधक चांगला वीतभर आत सारून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे प्रमाण वाचावे, एवढाच तिचा विस्तार. उत्सर्गमानांचे ‘भारत टप्पे’ लागू होण्यापूर्वीच्या चारचाकीला मोनॉक्साइडची शेकडा ३ पर्यंत मुभा असे. भारत-४ टप्प्याच्या गाडीला ती शेकडा ०.३ एवढीच आहे, म्हणजे दहावा हिस्सा, आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भागांपलीकडे जाता कामा नयेत. शिवाय या नव्या गाड्यांची इंजिने मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर नेऊन हवा आणि इंधन यांचे गुणोत्तरही पाहिले जाते. जुन्या कार्बोरेटरच्या जिप्सीला यातून पार पडण्यासाठी एका लहानशा स्क्रूचा आधार पुरतो: मिश्रण किंचित पातळ केले की काटा खाली येतो, आणि दाखला हाती पडल्यावर तोच स्क्रू पुन्हा पूर्वस्थळी नेणारे महाभागही असतात. ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मुळात होता आणि मालकाने ‘आवाज मोकळा व्हावा’ म्हणून तो कापून सरळ नळी बसवली, तिला मात्र स्क्रू नाही आणि गत्यंतरही नाही; तिचे आकडे जे येतील ते येतील, आणि बहुधा ते मर्यादेबाहेरचे येतात.

डिझेलची परीक्षा याहून नाट्यमय. आलमबागेत, कानपूर रोडच्या कडेला, पेट्रोलपंपाच्या एका कोपऱ्यात किंवा पत्र्याच्या खोलीत, ‘प्रदूषण जाँच केंद्र’ अशी पाटी लावून बसलेला तरुण गाडीच्या नळीला आपल्या यंत्राचा शोधक जोडतो, पुढून नंबरपट्टीचे छायाचित्र घेतो, मालकाचा मोबाइल क्रमांक विचारतो, आणि मग म्हणतो, “एक्सेलरेटर पूरा दबाइए, साहब.” मालकाच्या पोटात येथे गोळा येतो, आणि तो निष्कारण नव्हे. तापलेल्या इंजिनावर पाय एकदम तळापर्यंत दाबून ते नियामकाने ठरवलेल्या कमाल वेगापर्यंत उसळू द्यायचे, क्षणभर तेथे धरायचे, सोडायचे, आणि हेच पुनःपुन्हा करायचे: पहिल्या काही उसळ्या नळीत साचलेली काजळी झटकण्यासाठी, पुढच्या मोजमापासाठी. ज्या गाडीचा टायमिंग पट्टा मुदतीपलीकडे गेला आहे किंवा जिच्या तेलाची पातळी मालकाने सहा महिन्यांत पाहिलेली नाही, अशा गाडीने येथे दगा दिल्याच्या कथा प्रत्येक गॅरेजात ऐकू येतात.

यंत्र जे मोजते ते धुराचे वजन नसते, त्याची अपारदर्शकता असते. एका ठरावीक लांबीच्या नळीत धूर भरायचा, एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशमापक ठेवायचा, आणि किती उजेड वाटेत हरवला ते पाहायचे. हार्टरिज नावाच्या इंग्रजी कंपनीने बनवलेल्या यंत्रावरून या मापाला ‘हार्टरिज एकक’ असे नाव पडले, आणि त्या यंत्रातील नळीची परिणामी लांबी ४३ सेंटिमीटर. जुन्या डिझेल गाड्यांना आपल्या नियमांत ६५ हार्टरिज एककांची मर्यादा आहे: म्हणजे या ४३ सेंटिमीटरांत शंभरातील ६५ भाग उजेड हरवला तरी चालेल, त्यापलीकडे नाही. शास्त्रीय भाषेत हीच गोष्ट दर मीटरला २.४५ असा शोषणाचा गुणांक देऊन सांगतात. भारत-४ च्या गाडीसाठी मर्यादा ५० एककांची, गुणांक १.६२, म्हणजे निम्मा उजेड पलीकडे पोचलाच पाहिजे. ही धूरमापक यंत्रे पीयूसी केंद्रावर बसण्यापूर्वी त्यांना अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि अशा संस्थांपैकी प्रमुख असलेली ‘एआरएआय’ पुण्याच्या वेताळ टेकडीवर, १९६६ पासून हे काम करीत आली आहे. आलमबागेतल्या त्या पत्र्याच्या खोलीत मराठी माणसाला सोबत म्हणावी तर एवढी आहे.

आता प्रश्न असा की, फेरफार केलेली गाडी या परीक्षेत कोठे अडखळते? थोरली चाके, उंचावलेली कमान, लोखंडी बंपर, विंच, टपावरचे दिवे यांचा उभ्या गाडीच्या धुराशी काडीचाही संबंध नाही. टपापर्यंत नेलेली श्वासनळी, जिला स्नॉर्केल म्हणतात, तीही हवा फक्त उंचावरून आणते. तिच्या सांध्यांतून धूळ शिरत नसेल तर तिच्याविरुद्ध धूरमापकाची तक्रार नसते. खरा अपराधी बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल जीपमध्ये “पंप थोडा खोलू का, साहेब? गाडी चढाला उडेल,” असे म्हणून मिस्त्री इंधनाची मात्रा वाढवतो, आणि साहेबही होकार देतात. इंधन वाढले, पण ते जाळायला लागणारी हवा तेवढीच राहिली, म्हणजे उरलेला कार्बन काळ्या लोटाच्या रूपाने मागून बाहेर पडतो. आणि नेमका हाच लोट, पाय एकदम तळापर्यंत दाबल्यावर, सर्वांत दाट असतो. कॉमन रेलच्या नव्या गाडीत पंपाऐवजी संगणकाची आज्ञावली बदलतात, त्याला ‘रिमॅप’ म्हणतात. साधन आधुनिक, परिणाम पुष्कळदा जुनाच. म्हणून ज्याला ही परीक्षा सरळपणे द्यायची आहे, त्याने पंप आणि नोझल एखाद्या जाणत्या कारागिराकडून कंपनीच्या मापावर आणून घ्यावेत, हवेची जाळी बदलावी, इंजिनतेल ताजे घालावे, आणि लखनौच्या पौष-माघातल्या थंडीत तर विशेष करून, केंद्रावर जाण्यापूर्वी गाडी चांगली चार-पाच कोस पळवून तापवावी. थंड डिझेल इंजिन निरोगी असले तरी धुरकट असते.

परंतु या परीक्षेचे एक मोठे वैगुण्यही येथेच सांगितले पाहिजे. डिझेल इंजिनाचा सर्वांत कपटी उत्सर्ग म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. ती काळी दिसत नाहीत, म्हणून उजेड अडवीत नाहीत, म्हणून धूरमापकाला त्यांचा पत्ताच नसतो. ती कमी व्हावीत यासाठी कारखान्याने बसवलेला ईजीआर नावाचा पडदा, जो जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान उतरवतो, पुष्कळ हौशी मालक लोखंडी पट्टी ठोकून बंद करतात. या उपद्व्यापाने नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, परंतु काजळी घटते, आणि परिणामी जो नियम मोडला त्याच्याच परीक्षेत गाडी पूर्वीपेक्षा चांगले गुण मिळवते. कॅलिफोर्नियात याच गाडीचे निराळे झाले असते. तेथे परराज्यातून वस्तीला आलेल्या माणसाने वीस दिवसांत गाडी नोंदवावी अशी अपेक्षा असते, आणि धुराच्या तपासणीत बॉनेट उघडून इंजिनावर मागाहून बसवलेला प्रत्येक सुटा भाग पाहिला जातो. त्या भागावर तेथील हवा-मंडळाच्या मान्यतेचा क्रमांक नसेल तर नळीतून निघणारी हवा कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. २०२१ पासून तर तेथे इंजिनाच्या संगणकातील आज्ञावलीही मूळचीच आहे काय हे पडताळतात. आपल्याकडे यंत्राने नळीला विचारावे आणि कागदाने चेसिसला विचारावे, अशी कामाची वाटणी आहे. बॉनेटखाली डोकावून पाहणे हे या दोघांपैकी कोणाचेच नित्यकर्म नाही. माझ्या मते ही वाटणी स्वस्त आहे, सोपी आहे आणि चुकीची आहे. पण ती आहे, आणि तिच्याच अनुरोधाने पुढे चालले पाहिजे.

एक बारकावा मात्र धूर आणि दफ्तर या दोघांच्या सीमेवर बसलेला आहे. कोणत्या गाडीला कोणती मर्यादा लावायची हे गाडीच्या वयावरून ठरत नाही, तिच्या नोंदणीपत्रावर कोणता भारत टप्पा लिहिला आहे यावरून ठरते. १ एप्रिल २०१७ रोजी भारत-४ टप्पा देशभर सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत-६, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु २०१० पासून २०१७ पर्यंत देशाचे दोन भाग होते, हे विसरले जाते. त्या सात वर्षांच्या आरंभी तेरा मोठ्या नगरांत भारत-४ आणि उरलेल्या मुलखात भारत-३ अशी स्थिती होती, आणि त्या तेरांच्या यादीत लखनौ होते, कानपूर आणि आग्रा होते, महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि, वाचकाला नवल वाटेल, सोलापूर होते. नाशिक नव्हते. त्यामुळे त्या काळात नाशकात विकली गेलेली गाडी भारत-३ ची असणे अगदी न्याय्य आणि नियमाला धरून आहे. पण लखनौच्या कारकुनाला, ज्याच्या शहरात त्या साली नवी नोंदलेली मोटार भारत-४ चीच असे, तो शेरा वाचून भुवई उंचावण्याचा अधिकार पोचतो. अशा वेळी उत्पादकाने विक्रीच्या वेळी दिलेला नमुना २२, ज्यात गाडीच्या रस्त्यालायकीची आणि ती कोणत्या उत्सर्गमानाला उतरली याची नोंद असते, तो जपून ठेवलेला असेल तर एका कागदात वाद मिटतो. पीयूसीच्या दाखल्याची मुदतही भारत टप्प्याच्या याच शेऱ्यावर अवलंबून: भारत-४ आणि पुढच्या गाडीला वर्षाची, आधीच्या गाडीला सहा महिन्यांची.

आता दफ्तर.

कायद्याचे कलम ४६ सांगते की एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात चालते. लगोलग कलम ४७ सांगते की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे बदलीवर आलेल्या गृहस्थाला कायद्यानेच एक वर्षाचा अवकाश दिलेला आहे, आणि शहाण्याने तो सामान लावण्यात न दवडता कागदपत्रांच्या तयारीत लावावा. पहिली पायरी नाशिकच्या कार्यालयाकडून नमुना २८ वर मिळणारा ना-हरकत दाखला. कर भरलेला आहे, चलनांची बाकी नाही, पोलीसदफ्तरी गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही, आणि बँकेचा बोजा असल्यास बँकेची संमती आहे, एवढे सिद्ध झाले म्हणजे तो मिळतो. आणि अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला गेला नाही, तर दाखला दिला गेला असे समजावे, अशी तरतूद कलम ४८ मध्येच आहे. ही तरतूद अर्जदारांपैकी फारच थोड्यांना माहीत असते.

या अर्जाला चेसिस क्रमांकाचा जो ठसा जोडावा लागतो, तो कसा घेतात हे एकदा पाहावेच. गाडीच्या लोखंडी कण्यावर कारखान्याने ठोकलेली अक्षरे आणि अंक चिखलाखाली आणि रंगाखाली दडलेले असतात. पोऱ्या गाडीखाली आडवा होतो, रॉकेलच्या बोळ्याने तो पट्टा पुसतो, त्यावर पातळ कागद धरतो आणि शाळकरी मुले नाण्याचा ठसा उमटवतात तशी मऊ पेन्सिल तिरपी धरून हलकेच फिरवतो. करड्या रंगात एकेक अक्षर वर येते. सगळे स्पष्ट उमटले तर काम झाले. एखादा अंक पुसट राहिला तर पुन्हा. आणि येथेच फेरफारवाल्याचा पहिला खोळंबा होतो, कारण लोखंडी बंपर किंवा विंच बसवताना ज्याने कण्यावर झाळकाम केले, त्याने कित्येकदा नेमका हा क्रमांकाचा पट्टाच जाड काळ्या रंगाने लिंपलेला असतो. क्रमांक पुसट झालेली गाडी निर्दोष असली तरी तिच्याकडे चोराच्या मालाकडे पाहावे तसे पाहिले जाते, आणि पाहणाऱ्याला दोष देता येत नाही.

दाखला घेऊन, नमुना २७ चा अर्ज, विमा, पीयूसी, लखनौतल्या वास्तव्याचा पुरावा आणि उत्तर प्रदेशाचा कर यांसह गाडी ट्रान्सपोर्ट नगरला उभी केली, म्हणजे तेथील तांत्रिक निरीक्षक, ज्याला स्थानिक लोक ‘आरआय साहब’ म्हणतात, ती कागदाशी ताडून पाहतो. इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग, इंधन, आसने, वजन, शरीराचा प्रकार. नाशकात कापडी टपाची म्हणून नोंदलेली गाडी येथे पक्क्या टपाची दिसते; पांढरी म्हणून लिहिलेली, खाकी. मालक म्हणतो, गाडी तीच आहे. निरीक्षक म्हणतो, असेल. पण कागदावर ही नाही. दोघेही खरे बोलत असतात.

निरीक्षकाच्या पाठीशी कलम ५२ उभे आहे. उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा कोणताही बदल मालकाने करू नये, हे त्याचे सूत्र. आणि ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने या सूत्राचा अर्थ कडक लावला, की ज्या नमुन्याला चाचणी होऊन मान्यता मिळाली त्या नमुन्यापासून गाडी रचनेने दूर जाता कामा नये. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले, आणि त्याच्या चौथ्या पोटकलमाने अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द जीपवाल्याने दोनदा वाचावेत. श्रीनगरच्या एका न्यायालयाने अलीकडच्याच वर्षांत एका थारच्या मालकाला खरोखरच सहा महिन्यांची साधी कैद सुनावली, मग चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला मोकळे केले, आणि गाडी मूळ स्थितीत आणण्याचा हुकूम परिवहन कार्यालयाला दिला. पुढच्या बाजूच्या लोखंडी कठड्यांविरुद्ध तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते; टक्कर झाल्यास पादचाऱ्याला ते घातक, आणि हवापिशव्या वेळेवर उघडण्यात अडथळा आणणारे.

कायदा बदल मुळीच मानीत नाही असे नव्हे. मान्यताप्राप्त सीएनजी संच, पूर्वपरवानगीने इंजिनाची अदलाबदल, रंगबदलाची नोंद, या वाटा मोकळ्या आहेत. अट एवढीच, की परवानगी आधी आणि पाना मागाहून. जपानात उंची चार सेंटिमीटरांपर्यंत आणि रुंदी दोन सेंटिमीटरांपर्यंत कमीअधिक झाली तर नोंद बदलावी लागत नाही, त्यापुढे मात्र रचनाबदलाचा रीतसर अर्ज. आपल्याकडे असा एखादा मोजका आकडा असता तर निरीक्षकाचे काम हलके झाले असते आणि मालकाचा जीवही. तो नसल्यामुळे एका निरीक्षकाला जी चाके चालतात ती दुसऱ्याला चालत नाहीत, आणि या अनिश्चिततेच्या फटीतच दलाल नावाच्या इसमाची उपजीविका चालते.

म्हणून अनुभवी माणसे जे करतात ते सांगतो. गाडी नाशकातून हलवण्यापूर्वीच तिला पुष्कळशी मूळ रूपात आणतात. कारखान्याची चाके आणि बंपर विकून न टाकता गोठ्यात किंवा गच्चीवर पडू दिलेले असतात, ते बाहेर काढतात. सरळ नळी उतरवून मूळ सायलेन्सर चढवतात. चेसिसचा पट्टा स्वच्छ करतात. पंप मापावर आणतात. टप, रंग, आसने यांपैकी जे खरोखर ठेवायचेच आहे त्याची नोंद, जेथे ओळखपाळख आहे आणि भाषा आपली आहे त्या नाशिकच्याच कार्यालयात आधी करून घेतात. मग आग्रा रोडने, जो नाशिकच्या पोटातूनच जातो, इंदूर आणि ग्वाल्हेर मागे टाकीत आग्र्यापर्यंत, आणि तेथून तीनशे किलोमीटरांच्या द्रुतगती मार्गाने लखनौ. ज्यांना दर तीन वर्षांनी नवे राज्य पाहायचे आहे अशा सैनिकांना, सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांतल्या लोकांना २०२१ पासून ‘भारत’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, ज्यामुळे नव्या क्रमांकाची यातायातच टळते; परंतु त्या क्रमांकानेही कलम ५२ टळत नाही.

यूपी-३२ ची पट्टी एकदा लागली, की दोन कामे उरतात आणि उत्साहाच्या भरात दोन्ही राहून जातात. नाशकात काढलेला पीयूसीचा दाखला जुन्या क्रमांकाच्या नावे आहे. मुदत शिल्लक असली तरी नव्या क्रमांकावर नवा काढावा आणि विमापत्रातही तशी दुरुस्ती करून घ्यावी, कारण वैध दाखल्यावाचून गाडी चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांकरिता परवाना निलंबित, अशी आजची तरतूद आहे. २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचा, क्यूआर खुणेचा दाखला निघतो आणि नापास झालेल्या गाडीला कारण नमूद केलेली चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी फेकून न देता गॅरेजवाल्यापुढे ठेवावी, तिच्यात रोगाचे निदान अर्धे लिहिलेले असते. दुसरे काम पैशाचे. महाराष्ट्रात गाडीच्या आयुष्याचा कर एकरकमी भरलेला असतो, आणि न वापरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो. पण तो आपोआप येत नाही. लखनौच्या नोंदणीची प्रत, कराची मूळ पावती आणि ना-हरकत दाखल्याची प्रत जोडून अर्ज नाशिकलाच द्यावा लागतो, सबब त्या पावतीची नक्कल लखनौस निघतानाच सामानात घ्यावी, आणि बँकेचे तिकडचे खाते परतावा जमा होईतो बंद करू नये.